डोंबाऱ्याचा दोर आणि आपला बांबू

दिवाळी सरली, कापसाच्या दोन वेचण्या पदरात पडल्या, हातात चार पैसे खुळखुळू लागले की आपल्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात. शिंदखेडा, दोंडाईचा, बेटावदचा बाजार असो की तापीपलीकडे सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा असो, गर्दीच्या कडेला कुठे तरी अजून डोंबाऱ्याचा ढोल वाजतो. पूर्वीइतका नाही, पण वाजतो. "भाऊ, आते कोन देखस डोंबारीना खेय?" असे म्हणणारेही ढोल वाजला की मान वळवतातच.

शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळी खेळाकडे पाहण्याआधी त्या सामानाकडे एकदा नजर टाका. दोन-दोन बांबू कैचीसारखे बांधून दोन टोकांना उभे केलेले, त्यांवरून ओढलेला दोर, जमिनीत ठोकलेल्या मेखा, चालणाऱ्याच्या हातातली लांब काठी, सामान वाहायची टोपली. त्याशिवाय एक ढोल, एक पितळी ताट, दोन-तीन लोटे आणि सायकलीची जुनी रिंग. दोरावर चालणारा आधी काठी घेऊन जातो, मग डोक्यावर लोट्यांची उतरंड चढते, मग पायाखाली ताट येते, मग रिंग. ढोल आणि सायकलीची रिंग बाजूला ठेवली तर या पसाऱ्यातली एकही वस्तू आपल्या घराला परकी नाही. पाभरीचे नळे वेळूचे, शिडी वेळूची, सूप-टोपली-डालगे वेळूचे आणि गोठ्यातला कासरा दोराचाच. शहरातला माणूस टाळी वाजवून निघून जातो, त्याला बांबूतले कळत नाही. तुम्हाला कळते. म्हणूनच हा लेख शेतीच्या पानावर आहे.

पोरच का चढते?

दोरावर बहुतेक वेळा सात-आठ वर्षांची पोरगी दिसते. आईबाप खाली ढोल वाजवतात, दोर धरतात, पैसे गोळा करतात. लोक म्हणतात, लहान पोर पाहिले की दया येते, पैसे जास्त पडतात. ते खरे आहेच. पण दुसरे कारण कोणी बोलत नाही, ते वजनाचे आहे.

हा हिशेब शेतकऱ्याला लगेच समजेल. समजा, दोन कैच्यांमध्ये वीस फूट अंतर आहे आणि माणूस मधोमध आला की दोर एक फूट खाली झोळतो. अंतराला झोळाच्या चौपटीने भागा. वीसला चाराने भागले, पाच आले. म्हणजे दोरावर ताण वजनाच्या पाचपट. वीस किलोची पोरगी चढली तर दोरात शंभर किलोचा ताण. साठ किलोचा बाप चढला तर तीनशे किलोचा! आणि खेळ ऐटीत दिसावा म्हणून दोर आणखी ताठ ओढला, झोळ अर्ध्या फुटावर आणला, तर तोच ताण दहापट होतो. बापाच्या पायाखाली सहाशे किलो. वरून उडी मारली, झटका बसला तर याच्याही पुढे. कारल्या-दोडक्याच्या मांडवाची तार फार ताठ ओढली की कडेचा खांब का वाकतो, याचे उत्तरही यातच आहे.

आता सांगा, उन्हात पिचलेला दोर, घुण लागलेला बांबू आणि अर्धी गंजलेली मेख असेल तर बाप चढेल का? तो चढत नाही, कारण त्याला आपले सामान ठाऊक असते. सामान पोराचेच वजन पेलू शकते, म्हणून पोर चढते. त्या पोरीला खाली उतरवायचे असेल तर नुसते रागावून भागणार नाही. मोठ्या माणसाला पेलेल असा बांबू आणि दोर त्या कुटुंबाकडे लागेल. आणि तो पारखायची अक्कल गावात आहे.

बांबू पारखताना

आपल्याकडे सातपुड्यातून येतो तो मुख्यतः मानवेल. त्याची भिंत जाड असते, बुंध्याकडचे पेर पुष्कळदा भरीवच असते. कैचीसाठी हाच चांगला. कटांग म्हणजे काटेरी बांबू दिसायला जाड, पण आत पोकळ. त्याच्या जाडीवर भुलू नये.

वर्ष-दीड वर्षाचा कोवळा बांबू हिरवागार, अंगावर पांढरी भुकटी, पेरांवर सालपटे चिकटलेली. तो वाळला की आकसतो, सुरकुततो आणि भाराखाली दगा देतो. तीन वर्षांपुढचा बांबू घ्यावा. त्याची भुकटी गेलेली असते, अंगावर डाग आलेले असतात आणि काठीने ठोकले तर टणक, खणखणीत आवाज येतो. कोवळा बदबद वाजतो. फार जून बांबूही ठिसूळ होतो, तो शिडीलाही नको.

मग घुण पाहावा. बांबू उभा करून जमिनीवर आपटा. पिठासारखी भुकटी पडली आणि अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली तर तो बांबू चुलीत घाला. चीर असेल तर ती कुठवर गेली आहे ते बघा. एका पेरापुरती वाळण्याची चीर निराळी आणि गाठ ओलांडून पुढच्या पेरात शिरलेली चीर निराळी. दुसरी म्हणजे बांबू फाटायला बसला आहे. बुंधा खाली, शेंडा वर. बांधणी गाठीच्या लगत वरच्या अंगाला करावी, म्हणजे दोर घसरत नाही. खिळा ठोकू नये, भोक पाडू नये. बांबू तिथूनच उकलतो. ही गोष्ट मंडपवाल्यांनाही सांगण्यासारखी आहे, पण ते ऐकतील तेव्हा.

हातातल्या काठीबद्दल लोकांना गंमत वाटते. ती शोभेची नाही. पऱ्हाट्यांची लांब मोळी डोक्यावर आडवी घेतलेली बाई पाहिलीय ना? तिला झटकन वळता येत नाही. तेच इथे कामाला येते. लांब काठी आडवी धरली की अंग झटकन कलंडत नाही, सावरायला पळभर जास्त मिळतो. काठीची टोके खाली झुकलेली असली तर आणखी बरे. म्हणून ती काठी सरळ, पण लवचीक पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची पाहिजे.

मेखांचे सांगायला हवे, कारण आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती मेण होते आणि पुढे भेगाळते. भेगेत ठोकलेली मेख हाताने हलते. मेख खेळाच्या उलट दिशेला कलती ठोकावी आणि एका मेखेमागे दुसरी ठोकून दोन्ही एकमेकींना बांधाव्यात. दोराचे टोक उभ्या बैलगाडीला किंवा मोटारसायकलला बांधलेले दिसते, ते धोक्याचे आहे. विजेच्या खांबाला तर नकोच नको. कैची उभी करताना वर तारा नाहीत ना, हे आधी पाहावे. ओला बांबू वीज वाहतो.

दोर: अंबाडी गेली, निळी दोरी आली

मोट होती तेव्हा घरोघर दोराची पारख होती. जाड नाडा, बारीक सोंदूर, कासरा, दावे, चऱ्हाट, प्रत्येकाचा पीळ निराळा. कापसाच्या किंवा ज्वारीच्या कडेने अंबाडीच्या दोन ओळी असत. अंबाडीची ताटे पाण्यात दहा-पंधरा दिवस कुजत घालायची, साल सोडवायची, धुऊन वाळवायची आणि मग ओट्यावर बसून दोर वळायचा. विहिरीवर इंजिन बसले, मग वीज आली, आणि मोटेबरोबर दोरही गेला. आता अंबाडीची भाजी तेवढी भाकरीबरोबर राहिली आहे.

त्या जागी बाजारातली निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी आली. स्वस्त आहे, पाण्याने कुजत नाही, गुरे बांधायला ठीक आहे. पण ऊन तिचा काळ आहे. दोन उन्हाळे बाहेर राहिलेली दोरी हातात चोळा, भुगा पडतो. नायलॉन मजबूत असतो, पण ताणतो आणि त्याच्या गाठी सरकतात. काथ्या पाण्याला टिकतो, पण बळ कमी. अंबाडी, घायपात, ताग यांचा दोर हाताला धरतो, गाठीला घट्ट बसतो, मात्र ओला ठेवला की आतून सडतो.

आतून, हा शब्द महत्त्वाचा. दोर वरून बघून कळत नाही. दोन हातांनी पीळ उलटा फिरवा, पेड मोकळे करा आणि आत डोकवा. आत भुकटी, काळे डाग किंवा कुबट वास असेल तर "दोर सडी गया" असे समजा. एकच पेड तुटलेला असेल तरी तीनपेडी दोराचा तिसरा हिस्सा गेला. आणि गाठ मारली की त्या जागी दोराचे बळ निम्म्यावर येऊ शकते. तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा माणसाच्या पायाखाली देऊ नये. बैलाला चालेल.

टोपलीतला माणूस

दोरावरच्या चालीखेरीज आणखी एक खेळ जुन्या मंडळींना आठवत असेल, तो मदाऱ्यांचा. पोराला दोराने बांधायचे किंवा जाळ्यात गुंडाळायचे, वेळूच्या टोपलीत बसवायचे, वर चादर टाकायची आणि टोपलीत तलवार खुपसायची. बायका डोळे झाकून घ्यायच्या. मग पोर हसत बाहेर! यात मंत्र नाही, बुरुडाची कारागिरी आहे. ती टोपली तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस विणलेली असते. बाहेरून वाटते त्यापेक्षा आत जागा जास्त. बाकीचे गुपित मी फोडत नाही, त्यावर कोणाचे तरी पोट आहे. मात्र कोंबड्यांचे डालगे विणणाऱ्या बुरुडाने विचार केला तर त्याला ते उमगेल.

दोर आणि बांबूचे असे खेळ आपल्याकडेच आहेत असे नाही. जपानमध्ये नव्या वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारीत, टोकियोच्या अग्निशमन दलाच्या संचलनात जुन्या पद्धतीचे आगवाले हिरव्या बांबूची उंच शिडी उभी करतात आणि तिच्या टोकावर चढून कसरती करतात. वीसेक फुटांची शिडी, भिंतीचा टेकू नाही. खाली आठ-दहा जण लांब दांड्यांच्या आकड्यांनी ती धरून ठेवतात. पूर्वी आग कुठे लागली हे पाहायला शिडीवर चढावे लागे, त्या रोजच्या कामातून हा खेळ निघाला. आगीची शिडी खेळात आली आणि दरवर्षी मानाने दाखवली जाते.

तिकडे दोराने माणसाला बांधण्याचीही एक कला आहे, बांधणे या अर्थी तिला शिबारी म्हणतात. मूळ कैदी बांधायच्या पद्धतींशी तिचे नाते सांगतात. आज ती मोठ्या माणसांनी, दोघांच्या संमतीने, मोठ्यांसमोर करायची गोष्ट आहे. बांधलेल्या माणसाला आडव्या बांबूला टांगूनही दाखवतात. हा विषय आपल्या ओट्यावरचा नाही, पण त्यांची खबरदारी घेण्यासारखी आहे. दोर तागाचा, करंगळीहून बारीक, सात-आठ मीटरचा. तो दुहेरी करून शेजारी शेजारी अनेक वेढे देतात, म्हणजे भार एका रेघेवर न पडता रुंद पट्ट्यावर पसरतो. दंडाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे नस हाडाला लागून जाते, तिथे दाब येऊ देत नाहीत. बोटांना मुंग्या आल्या, हात बधिर झाला की ताबडतोब सोडतात आणि दोर कापायची कात्री हाताशी ठेवतात. बैलाच्या मुसक्या आवळतानाही आपण एवढे बघत नाही! आपल्या जत्रेत जाळ्यात गुंडाळलेल्या पोराजवळ कात्री असते का, हे विचारून बघा.

गावाने काय करावे

सरपंच, पोलीस पाटील आणि ज्यांना गाव अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणते ते ग्रामपंचायत अधिकारी, यांच्यासाठी थोडे लिहितो.

२०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात मदतीची सूट आहे, पण शाळा सुटल्यावर आणि काम धोक्याचे नसेल तरच. कलाकार म्हणूनही सूट आहे, तीतून सर्कस मुद्दाम वगळली आहे. आठ फुटांवरच्या दोरावर आठ वर्षांची पोर चालवणे धोक्याचे नाही, असे कोणाला म्हणवेल? तेव्हा पोर वर जाऊ द्यायचे नाही, इथे माझे मत ठाम आहे.

पण म्हणून त्या कुटुंबाला गावाबाहेर हाकलणे हा उपाय नाही. आधीच १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर खेळ दाखवून पैसे मागणे भिकेत मोजले. डोंबारी-कोल्हाटी समाज आपल्या राज्यात भटक्या जमाती (ब) प्रवर्गात येतो, त्यात अडीच टक्के आरक्षण आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आज्याचे गाव दर महिन्याला बदलत होते, त्याने तो कुठून आणावा? गृहभेट, जुनी शाळेची नोंद, गावातल्या वृद्धांचे जबाब, यांत कामाची माणसे मदत करू शकतात. मुलांना मुक्काम असेल तितके दिवस जवळच्या शाळेत बसवता येते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मुख्याध्यापकांना विचारावे.

खेळ मोठ्या माणसाने करावा. दोर छातीइतक्याच उंचीवर बांधावा. झोळ जरा जास्त ठेवावा, त्यात ऐट कमी होते पण ताण उतरतो. खाली कडब्याच्या पेंढ्या पसरायला गावाला काय जड जाते? कोणी पडलेच तर मान-पाठ हलवू नये, उचलून रिक्षात टाकू नये, १०८ ला फोन करावा. आणि गावाच्या वर्गणीतून एक जाड नवा दोर व चार पारखलेले बांबू ग्रामपंचायतीत ठेवले तर जत्रेला येईल त्या खेळाडूला वापरायला देता येतील. मांडवालाही उपयोगी पडतील.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण आपल्या जिल्ह्यातली आहे म्हणून टाळता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले. भटक्या माणसाबरोबर पोर दिसले की कोणाच्या तरी डोक्यात काय येऊ शकते, हे आपण पाहिले आहे. म्हणून गावात असे कुटुंब उतरले की पोलीस पाटलांनी त्याच दिवशी नावे, गाव, ओळखपत्र नोंदवून घ्यावे आणि संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगावे की अमुक मंडळी खेळ करायला आली आहेत, चौकशी झाली आहे. पाच मिनिटांचे काम आहे. संशय वाटला तर पोलिसांना कळवा, मुलाबद्दल असेल तर १०९८ हा नंबर आहे. हात उगारायचा नाही.

बांधावर चार बेटे

आता बांबू आणायचा कुठून? बुरुडाला विचारा, तो म्हणेल माल मिळत नाही आणि मिळतो तो महाग. पूर्वी स्वतःच्या शेतातला बांबू तोडायचा तरी लोक कचरत, कारण वनकायद्यात तो झाड होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. आता बांधावरचा बांबू शेतकऱ्याचा. रोपे आणि अनुदानाबद्दल तालुका कृषी कार्यालयात विचारा, योजना बदलत राहतात.

आपला तालुका कमी पावसाचा, त्याला मानवेल मानवतो. पाणी साचणारी जागा टाळावी. नाल्याच्या किंवा शेततळ्याच्या कडेला, पिकापासून थोडे अंतर राखून लावावा, कारण मुळे पसरतात आणि सावली पडते. पहिली दोन वर्षे गुरांपासून जपावे लागते. बुराईकाठच्या शेतांत एखादे बेट जगले तर चार-पाच वर्षांनी तोडणी सुरू होते. सगळे बेट एकदम छाटू नये. तीन वर्षांचे झालेले दांडे निवडून काढावेत, कोवळे ठेवावेत, म्हणजे पुढचे कोंब फुटत राहतात. पावसाळ्यात कोंब येत असताना कोयता लावू नये, थंडीत तोडावा.

तोडलेला बांबू लगेच वापरू नका. तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, वर दगड ठेवा. आतला गोडवा पाण्यात उतरतो आणि घुण कमी लागतो. नंतर सावलीत उभा करून वाळवा, उन्हात टाकला तर चिरतो. बुडवलेल्या पाण्याला वास सुटतो, ते गुरांना पाजू नका.